उकळून ठेवलेली कात्री

घाटनांदूर. कार्तिक वद्य षष्ठी, संध्याकाळ.

धाकट्या बहिणीचं बाळ आज गेलं. आठ दिवसांचं होतं.

नवरा गेल्यावर मी हैदराबादेत दोन वर्षं बाळंतपण आणि मुलांचं संगोपन शिकले. सनद देताना मेमसाहेबांनी तीन वाटा सांगितल्या: जनाना दवाखाना, कन्याशाळा, नाहीतर एखाद्या नवाबाकडं मुलं सांभाळणं. मी म्हटलं, गावीच जाते, तिथं गरज जास्त. मला बोलावलं होतं कुणी?

धाकटीला कळा सुरू झाल्या तेव्हा कात्री उकळून, धुतल्या फडक्यात गुंडाळून मी खोलीच्या दारात उभी होते. आईनंच अडवलं. माझ्या आईनं! "तू नगं बाई. पांढरं कपाळ तुझं, लेकरावर सावली पडंल." सुईणीनं विळ्यानं नाळ कापली, वर शेणाची राख दाबली. मला बाहेरून दिसत होतं. मी ओरडले का नाही? आईला बाजूला सारायला काय झालं होतं मला?

परवा धनुर्वातानं बाळाचा जबडा आवळला, तेव्हा मला आत बोलावलं. तोवर करण्यासारखं काय उरलं होतं!

आज पुरायला नेताना, पाचवीला बाळाच्या कमरेला बांधलेला काळा दोरा काढायचा होता, तो काही सुटेना. दादा बाहेर आला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुजी ती कात्री हाय न्हवं? ये जरा."

फडकं सोडलं. आणल्यापासून पहिल्यांदाच ती कात्री चालवली. बाळावर वाकले, माझी सावली त्याच्या तोंडावर पडली.

या वेळी कुणी अडवलं नाही.