पिवळ्या कोटातल्या बाईची चौकशी

हेझर्ड, केंटकी
१४ ऑक्टोबर

आदरणीय ओपलताई,

तुला आणि तुझ्या नव्या खुब्याला धाकट्या भावाचा नमस्कार. लेक्सिंग्टनला लेकीकडे आराम पडत असेल आणि व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीशी आता निदान दिवसाआड भांडत असशील, असं धरून चालतो. इकडे आम्ही दोघं नवरा-बायको ठीक. थंडी पडली की नेल्डाचे गुडघे कुरकुरतात, नेल्डा मात्र कुरकुरत नाही.

तू एकच काम सांगितलं होतंस. ऑरिन टॅकेट आमच्या बैठकीत गायला येतोय, तर त्याला विचार, त्याच्या त्या गाजलेल्या गाण्यातली बसथांब्यावरची पिवळ्या कोटातली बाई मीच ना. (चाळीस वर्षं तू हे साऱ्या तालुक्याला सांगत आलीस. थांब्यासमोरच्या खानावळीत तू त्याला वाढायचीस हे कुणी नाकारत नाही. नेल्डाही तेव्हा तिथेच मागे भांडी घासायची, पण ती असल्या गप्पांत कधी पडली नाही.) तुझ्याइतकीच मलाही उत्सुकता होती, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

चर्चमधून तीस घडीच्या खुर्च्या आणल्या. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचा होता, तर सात घरांनी भरलेली अंडीच आणली. ऑरिन आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. आवाज खरवडल्यासारखा झालाय, कान मात्र शाबूत. पहिलं गाणं सुरू करून तो थांबला आणि म्हणाला, "तुमचा फ्रिज गातोय. सूर बरा आहे, पण माझ्याशी जुळत नाही." फ्रिज बंद केला. मग भिंतीवरचं घड्याळ काढलं. मग बर्लकाकांचं कानातलं यंत्र शिटी मारू लागलं. मी म्हणालो, "काका, ते काढून ठेवा." काका म्हणाले, "काढायचं तर मी आलो कशाला?" यात चुकीचं काही नव्हतं. शेवटी त्यांना ऑरिनच्या गुडघ्याला गुडघा लावून बसवलं. तिथे यंत्राशिवाय ऐकू येत होतं. (आम्हाला टाळ्याही काकांनीच वाजवायला लावल्या, कारण गाणं संपलंय हे बाकीच्यांना कळतच नव्हतं.)

मध्यंतरात मी तुझा प्रश्न घेऊन गेलो, तर पुढे ग्रंथालयातली इमोजीन उभी. ती त्याला विचारत होती, "खरं सांगा, ती मीच ना?" तिच्यामागे पोस्टातली फ्युगेटबाई, तोच प्रश्न घेऊन. त्या साली हेझर्डात पिवळ्या कोटांशिवाय दुसरे कोट विकायलाच नव्हते की काय, असं मला वाटून गेलं. ऑरिन प्रत्येकीला म्हणत होता, "असेल बाई, असेल." तुझ्या वाट्यालाही एक "असेल" आलं, ते इथे पोचतं करतो.

उत्तरार्धात त्याने ते गाणं घेतलं आणि दुसऱ्या कडव्याला अडकला. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून नेल्डाने पुढची ओळ सांगितली. (ती म्हणते, तिला गाण्यातलं काही कळत नाही.) त्याने तिकडे पाहिलं आणि डोळे मिटून शेवटपर्यंत गायला. मग बर्लकाकाही रडले. कार्यक्रम एकंदर उत्तम झाला.

तब्येतीला जप.

तुझा भाऊ,
क्लेटस

ता. क. एक राहिलं. निघताना ओसरीवर त्याने मला विचारलं, "तुमच्या ताई कॉफी बशीत ओतून प्यायच्या का? तीनदा फुंकर मारून?" मी म्हणालो, ताईला कॉफीने पित्त होतं. "मग त्या नव्हेत," तो म्हणाला. "बशीचं मी गाण्यात घालणार होतो, पण ओळीत बसेना."

ता. क. २ अडतीस वर्षं मी रोज सकाळी ती तीनदा मारलेली फुंकर ऐकतोय. काल तिला विचारलं, बशीत का ओततेस? म्हणाली, "गरम असते." ताई, मला राग नाही आला. जिच्यासाठी सारा तालुका रडतो, ती बाई माझे मोजे धुते आणि एका शब्दाने बोलत नाही, याचंच नवल वाटतं, आणि थोडा अभिमानही.

ता. क. ३ खानावळीत तू आणि नेल्डा एकाच खुंटीला कोट टांगायचात. तिचा कोणत्या रंगाचा होता, तेवढं लिही. घरी फोन नको, तो तीच उचलते. दुकानाच्या पत्त्यावर पाठव. तू खरं लिहिलंस, तर येत्या रविवारी चर्चमध्ये उभा राहून मी सर्वांसमोर सांगेन, की ऑरिन म्हणाला, ती ओपलच.