घोंगड्यावरचा नेचा

सोलापूर, ३ ऑक्टोबर २०२४

ती. केराबाई आत्यास, पूनमचा शि. सा. न. वि. वि.

आत्या, माझं वनस्पतिशास्त्राचं शेवटचं वर्ष. एका वनस्पतीची जात ओळखून वर्णन लिहायचंय, अठरा तारखेला तोंडी परीक्षा. तुझ्या विहिरीच्या दगडांत काळ्या देठाचा नेचा आहे बघ, पानांच्या कडा ओठासारख्या आत मुडपलेल्या. तोच घेतलाय. तुझ्याकडे रेंज नाही म्हणून पत्र. चार पानं करमाळ्याच्या एसटीने पाठव. मेंढरांच्या नादात विसरू नकोस, मला काळजीनं जेवण जात नाही.

माया आहे तशीच असू दे.
पूनम

वस्तीवरून, ७ ऑक्टोबर

चि. पूनमला आत्याचे अनेक आशीर्वाद.

पानं पाठवल्यात. एवढी शिकलीस आन दगडावरच्या पाल्याची जात विचारतीस व्हय. आमच्या ह्यांच्या, तुझ्या मामाच्या घोंगड्यात गुंडाळून घरी आणली, मग चांगली चोळून धुतली. आपल्या घरातनं कुणाला काय न धुता देत न्हाय की. बरं झालं आधीच काढली, काल तुझ्या बिरुदेवदादानं विहीर खरवडून सिमिट केलं. जेवत जा.

आत्याला इसरू नको.
केराबाई

सोलापूर, १३ ऑक्टोबर

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

आत्या, घात झाला. सर म्हणाले, या नेच्याच्या पानामागं पांढरी भुकटी असते. मी लिहिलंय, मागची बाजू स्वच्छ हिरवी. भुकटी दाखव, नाहीतर विषय रद्द, म्हणजे वर्षच गेलं. तू धुतलीस हे वाचून मी हसले होते गं, तेव्हाच कळायला हवं होतं. सिमेंटातून एखादं पान तरी वाचलंय का? तुझ्यावर राग नाही, माझ्यावरच आहे.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
पूनम

वस्तीवरून, १६ ऑक्टोबर

चि. पूनमला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आन तशीच विहिरीवर गेले. सगळी विहीर धुंडली, एक पान न्हाय. बिरुदेवला लई बोलले, त्याचा काय दोष. माझ्याच हातानं पोरीचं वर्ष धुऊन काढलं म्हणून रडत बसले. मग मामाचं घोंगडं उलगडलं. काळ्या लोकरीवर पानं जशीच्या तशी उठल्यात, पांढरी, पार कडांपतूर. मी वरनं हातसुदिक फिरवला न्हाय.

घोंगडं घेऊन बिरुदेव आजच निघतोय. मामा गेल्यापासनं कुणाच्या हातात दिलं न्हवतं. सरांना दाखव, त्यांना काय पायजे ती भुकटी काढून घेऊ दे, आन काम झालं की परत दे.

पण धुऊन देऊ नको. त्याला अजून मामाचा वास हाय.

तुझी आत्या