जावयाची आंघोळ

युनोसावा,
१२ जानेवारी १९७४

ती. आत्यास,
नात्सुएचा शि. सा. न. वि. वि.

नवीन वर्षाच्या तीन दिवसांसाठी आलेली मी अजून इथेच आहे. रस्त्यावर बर्फाचा कडा कोसळून बस बंद झाली. पोस्टमन तेवढा स्कीवरून येतो. फोन करावा तर तो गल्ल्यावर, आणि गल्ल्यावर दिवसभर या खानावळीचा म्हातारा मालक ठाण मांडून बसलेला. म्हणून पत्र.

तुला खरं सांगायला हवं. फुमिनो आठवते ना? सेंदाईच्या प्रयोगांना पहिल्या रांगेत बसायची ती, दोन वर्षांत माझी जिवलग झालेली. तिच्या वडिलांनी, कुमागाई तोराहेईंनी, लाकूडवाल्याच्या धाकट्या मुलाशी तिचं जमवत आणलं होतं. ती रडत माझ्याकडे आली आणि म्हणाली की रंगमंचावर रोज पुरुष होतेसच, तीन दिवस माझ्या घरी हो. दुसरा कुणीतरी आहे एवढं बाबांना दिसलं की ते लाकूडवाल्याला नकार कळवतील. मी मूर्खासारखी हो म्हणाले. त्या दिवसापासून मी शिन्जी आहे.

लाकूडवाल्याचं फिसकटलं खरं. पण तोराहेई पायरीवर घसरले, कंबर धरली, आणि छपरावरचं बर्फ उतरवायला घरात पुरुष एकटी मीच! छातीला कापडाचा पट्टा आवळून मी रोज छपरावर फावडं मारते. इथेच माझं चुकलं, आत्या. जरा वाईट काम करायला हवं होतं. म्हातारा अख्ख्या गावाला सांगत सुटला आहे की जावई मिळावा तर असा. त्यांना मुलगा नाही. जावयालाच दत्तक घेऊन घराचं नाव आणि ही गरम झऱ्यावरची राहण्या-आंघोळीची खानावळ त्याच्या हाती द्यायची, असा इथला रिवाज. कंबर बरी झाली की आधी दोघांनी मिळून आंघोळ करायची, एकमेकांची पाठ घासायची, आणि मग कचेरीत जाऊन नाव लावायचं, असं त्यांनी ठरवून टाकलंय.

पुरुषांच्या हौदात मी जाऊ शकत नाही, बायकांच्या हौदात शिन्जी जाऊ शकत नाही. लांबलांबून लोक जिथे आंघोळीला येतात, तिथे मी खोलीला कडी लावून बादलीतल्या पाण्याने अंग पुसते. फुमिनो दाराबाहेर पहारा करते आणि हसू दाबते. जेवताना माझ्या वाटीत धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं जास्त वाढते. ती समोर असली की मला शिन्जीचा आवाज नीट काढता येत नाही. काय करू, लवकर कळव.

तुझा लोभ या बिनआंघोळीच्या जावयावरही राहू दे.
नात्सुए


हिमेजी,
१९ जानेवारी १९७४

चि. नात्सुएस,
आत्याचे अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून दुकानात एकटीच हसत सुटले. तंबाखू घ्यायला आलेल्या मास्तरांना वाटलं, म्हातारीला वेड लागलं. मीही तुझ्यासारखीच पंधरा वर्षं पुरुषांची कामं केली, पण मला कुणी घरजावई करून घेतलं नाही. तू माझ्यापेक्षा चांगली नटी आहेस हे मान्य करते.

आता कामाचं. हसताना तोंडावर हात नेऊ नकोस, त्यात आपण बायका हमखास सापडतो. आंघोळीचं म्हणशील तर सर्दी झाल्याचं सांग, बाह्या वर बांध, आणि कपड्यांनिशी म्हाताऱ्याची पाठ घासून दे. सार्वजनिक न्हाणीघरातले गडी असंच करायचे. त्याने तुझा एक दिवस निभावेल.

पण एकच दिवस. तो माणूस तुझ्या हाती घर द्यायला निघालाय, पोरी. रंगमंचावरचं खोटं पडदा पडला की संपतं, इथे पडदा पाडायला कुणी नाही. आणि दुसरं असं की पत्रभर तुझी फुमिनो आणि तिचं लोणचं. तुला बर्फाने अडवलंय की आणखी कुणी, हे आधी स्वतःला विचार. उत्तर मला कळवलं नाहीस तरी चालेल, मला ते दिसतंय. त्याची मला लाज वाटत नाही, तूही वाटून घेऊ नकोस.

मागच्या दाराने मात्र पळू नकोस. म्हाताऱ्याला तोंडावर सांग आणि समोरच्या दाराने नीघ. इथे तुझी गादी घातलेलीच आहे.

जिवाला जप.
तुझी आत्या, मासुयो


युनोसावा,
२ फेब्रुवारी १९७४

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे सर्दीचं सोंग केलं, बाह्या बांधल्या, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पुरुषांच्या न्हाणीत गेले. बाबा (असंच म्हण, हे त्यांनीच बजावलंय) लाकडी चौरंगावर पाठ करून बसले होते. मी घासायला लागले. ते बोलत राहिले. बायको गेल्यापासून या पाठीला कुणाचा हात लागला नाही म्हणाले. मग म्हणाले की आता तू बस, सदरा काढ, सर्दीबिर्दी काही ऐकणार नाही, मुलाची पाठ घासायची माझी फार वर्षांची हौस आहे.

आत्या, मला पुढचं खोटं सुचलंच नाही. त्यांच्या पाठीलाच मी सांगितलं की मी बाई आहे, नाटकात पुरुषाची कामं करते, माझं नाव नात्सुए.

ते वळले नाहीत. त्यांनी बादलीभर पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतून घेतलं. फुमिनोला ठाऊक आहे का, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. मग म्हणाले की ही पुरुषांची न्हाणी आहे, तू बाहेर जा.

तेव्हापासून ते स्वतःच्या खोलीत जेवतात. ताट तसंच परत येतं. फुमिनो आत जाऊन बोलून आली. मला म्हणाली की तिने बाबांना एकच खोटं सांगितलं होतं, मी पुरुष असल्याचं. बाकी सगळं खरं होतं आणि तेही तिने आता सांगून टाकलंय. हे सांगताना ती माझा सदरा घडी करत होती आणि घडी काही केल्या नीट होत नव्हती. माझंही तेच आहे, आत्या. मला ती हवी आहे. लिहून टाकलं बघ.

सोमवारपासून बस सुरू होणार. मला निघवतही नाही आणि राहवतही नाही. आज सकाळी बर्फ उतरवायला छपरावर चढायला गेले तर शिडी कुणीतरी काढून घरात नेली होती. याचा अर्थ मी काय लावू? रागाने नेली असेल तर मला निघायलाच हवं.

आशीर्वाद पाठव, त्याची फार गरज आहे.
नात्सुए


युनोसावा,
४ फेब्रुवारी १९७४

माननीय मासुयोबाई यांस,
एका अनोळखी माणसाचा नमस्कार. आपली भाची माझ्या घरी आहे, म्हणून लिहिण्याचं धाडस करतो.

आज बस आली आणि रिकामी परत गेली. मुलगी सामान घेऊन अंगणात उभी होती. तुझ्या आत्याचं ठरेपर्यंत थांब, असं मी तिला सांगितलं. शिडी मीच काढली होती. मुलीच्या जातीने त्या छपरावर चढावं हे मला पाहवेना. ती काल पुन्हा शेजाऱ्याची शिडी मागून चढली. फार हट्टी आहे, आपल्याला ठाऊक असेलच.

मला राग आला होता. माझ्याच मुलीला मला नाही म्हणायला एवढं सोंग उभं करावं लागलं, याचा जास्त आला. मी स्वतः या घरात दत्तक जावई म्हणून आलो, नाव बदलून. सासऱ्यांनी पाठ घासली तेव्हा पळून जावंसं वाटत होतं. दार कुठे आहे तेच समजत नव्हतं. या दोघींचं तसं व्हायला नको.

फुमिनोने मला सगळं सांगितलं. सगळं समजलं असं म्हणणार नाही. पण सकाळचा पहिला वाफाळता भात ती कुणापुढे ठेवते, हे मला दिसतं. माझ्या बायकोने तो माझ्याशिवाय कधी दुसऱ्यापुढे ठेवला नाही.

कचेरीतल्या कारकुनाला विचारून आलो. दत्तक मुलगा घेता येतो तशी सज्ञान मुलगीही घेता येते. कागदावर दोघी बहिणी होतील. याहून जास्त द्यायला कायद्यापाशी काही नाही, आणि माझ्यापाशी हे घर आहे. कारकून म्हणाला की मुलगी सज्ञान आहे, कुणाला विचारायची गरज नाही. मला आहे. तिला आपण वाढवलंत.

म्हणून रीतसर मागणी घालतो. आपली नात्सुए आमच्या घरात द्यावी. होकार असेल तर तिला कळवा, ती आनंदाने अंगणात ओरडेल, मला इथे ऐकू येईल. नकार असेल तर तो माझ्या नावाने पाठवा, पोरींच्या नको. त्यांना मी सांगेन.

लोभ मागण्याइतकं नातं अजून झालेलं नाही, म्हणून नुसती वाट पाहतो.
कुमागाई तोराहेई