माणसाशिवाय दुकान

२ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं ठरवलंय. मोठी माणसं लिहितात, आणि माझी मोठं व्हायची वेळ आता जवळ आलीय.

आज कंपनीचे एरिया मॅनेजर साहेब आले. टाय, लॅपटॉप, नवा सेंट. म्हणाले, महिनाभर ट्रायल आहे. दुकान माणसाशिवाय चालतं का ते कंपनीला बघायचंय. माझा काउंटर उचलून नेला, त्या जागी मशीन. गिऱ्हाइकाने आपलं आपण स्कॅन करायचं, आपलं आपण पैसे भरायचे. मी मागच्या स्टोअर रूममध्ये बसायचं. कुणी अडलं तर मदतीचं बटण दाबेल, माझ्या खोलीत लाल दिवा लागेल, मग मी बाहेर यायचं. दिवा किती वेळा लागला ते तिकडे ऑफिसात आपोआप कळतं.

माणसाशिवाय दुकान म्हणे. हसू आवरत नव्हतं. कोणाला कालचा पाव चालतो आणि कोणाला नाही, हे मशीनच्या बापाला कळणार नाही. ट्रायल फसली की मॅनेजर लागणार. पास झाली तरी मशीन सांभाळायला मॅनेजर लागणारच. दोन्हीकडून मीच.

घरी फोन केला. धाकट्या भावाला सांगून टाकलं, गॅरेज सोड, इकडे ये, माझ्या हाताखाली लावतो. आई म्हणाली, आधी तुझं बस्तान बसू दे. आईला माझ्यावर भरवसा म्हणून नाहीच.

३ मार्च
निश्चय: दिवा लागल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही.

सकाळी रोजची आजी दुधाला आली. दुधाची पिशवी मशीनपुढे धरून गप्प उभी, फोटो काढून घ्यायला उभी असल्यासारखी. खोलीतल्या स्क्रीनवर सगळं दिसतं. तिचं बोट बटणाकडे जायला लागलं. मी जो पळालो तो बटण दाबायच्या आत तिथे. दाखवलं, ही काळ्या रेघांची बाजू खाली धरायची, टिंग वाजलं की झालं. आजी म्हणाली, तू आहेस म्हणून बरं बाबा.

दिवसभर एकदाही दिवा लागू दिला नाही. अशी सर्व्हिस दुसऱ्या दुकानात असेल तर दाखवा.

६ मार्च
दिवा शून्य. टॅक्सीवाला मशीनला शिव्या देत होता, त्यालाही शिकवलं. मशीन अडकलं तर मागचा प्लग काढून परत लावायचा, ही माझी स्वतःची युक्ती. तीही सांगून टाकली. विद्या दिल्याने वाढते.

पाय दुखतात. खुर्चीवर टेकायला मिळत नाही. काउंटरवर होतो तेव्हा एवढी धावपळ नव्हती.

११ मार्च
धाकट्याने गॅरेज सोडलं. उस्ताद दोन दिवस बोलत नव्हता, शेवटी हा निघाला तेव्हा आपला पाना त्याला देऊन टाकला म्हणे. मी सांगितलं, पाना तिथेच ठेव, इथे सगळं टचस्क्रीन आहे.

१४ मार्च
माझा रूममेट वायरमन आहे. त्याला दिव्याचं सांगितलं, तर जेवता जेवता थांबला. म्हणाला, येड्या, दिवा लागायला पाहिजे. तो लागलाच नाही तर तिकडे बसलेल्यांना वाटणार, आत माणूस ठेवायचा कशाला?

माणसाच्या पोटात किती जळतं बघा. मी समजावलं, कामाचा माणूस बोलावल्याशिवाय हजर असतो, साहेब लोकांना ते कळतं. तो म्हणाला, कळवलंस का तू त्यांना? मी म्हटलं, कामच बोलतं. तो हात धुवायला गेला.

झोप नीट लागली नाही. बाजूच्या खोलीतला टीव्ही.

१९ मार्च
साहेब आले. लॅपटॉपवर आलेख दाखवला. बाकीच्या दुकानांत दिवा नुसता पेटलेला. आपली रेघ जमिनीला चिकटलेली. खूश. आदर्श दुकान म्हणाले. पाठीवर थाप मारली. थाप मारून झाल्यावर हात रुमालाला पुसला, पण स्टोअर रूममध्ये धूळ असतेच.

वायरमनला मुद्दाम सांगितलं. तो कूस बदलून झोपला. जळून खाक.

२३ मार्च
दोन माणसं येऊन माझ्या खोलीचं माप घेऊन गेली. केबिन होतेय. मी म्हटलं, खिडकी या बाजूला काढा. ते एकमेकांकडे बघायला लागले. मग म्हणाले, इथे मोठा फ्रीझर बसणार.

केबिन दुसरीकडे असेल. मधे कुठे जागा आहे ते बघत होतो. दिसली नाही.

२४ मार्च
निश्चय, आणि हा पक्का: उद्यापासून जागचं हलायचं नाही. लागू दे दिवा. धडाधड लागू दे. वायरमनच्या सांगण्यावरून नव्हे, माझं मलाच सुचलं.

२५ मार्च
हललो नाही. आजी आली. मी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून बसलो. आजीने काळ्या रेघा खाली धरल्या, टिंग, पैसे, पिशवी, गेली. एवढंच नाही, मागे एक नवा माणूस अडला होता, त्यालाही शिकवून गेली.

दिवा शून्य.

२७ मार्च
दुपारी गर्दी बघून हळूच बाहेर गेलो आणि मशीन मुद्दाम अडकवून ठेवलं. आता दाबा बटण. टॅक्सीवाला आला, वाकला, प्लग काढून परत लावला. माझ्याकडे बघून अंगठा दाखवला, म्हणाला, उस्ताद, तुमचीच युक्ती.

लोकांना शिकवणं सोपं आहे. विसरायला लावणं अवघड.

धाकटा बसमध्ये बसला. परवा पोचतो.

२८ मार्च
ट्रायल लवकर संपवली. निकाल इतका चांगला की वाट बघायची गरज नाही म्हणे. साहेब म्हणाले, "महिन्यात एकदाही दिवा लागला नाही. म्हणजे इथे माणूस लागत नाही."

मग मी सगळं सांगितलं. बटण दाबायच्या आधी मीच धावत होतो, एकेकाला मीच शिकवलं. साहेबांनी लॅपटॉप मिटला. म्हणाले, "तसं करायला तुम्हाला सांगितलं कोणी?"

उत्तर अजून शोधतोय.

दुसऱ्या दुकानात लावा म्हटलं. तीही अशीच करायची आहेत. आपल्याकडे बघूनच. जिथे दिवा सारखा पेटत होता ती दुकानंसुद्धा.

२९ मार्च, रविवार
धाकटा आला. उंच झालाय. बस स्टँडवरच सगळं सांगायचं ठरवलं होतं. त्याच्या बॅगेला नवं कुलूप होतं. म्हटलं, आधी चहा पिऊ. चहा पिताना म्हटलं, आधी आंघोळ करू दे.

आंघोळ करून आला तो म्हणाला, दादा, दुकान दाखव. नेलं. बाहेरूनच. काच सरकत होती, लोक आत जात होते, टिंग टिंग, पिशव्या घेऊन बाहेर. आत माणूस नाही. तो दाराशी जाऊन आत डोकावला. म्हणाला, हे सगळं तू बसवलंस? मी म्हटलं, शिकवलं मीच सगळ्यांना. हे खोटं नाही.

त्याने तिथूनच घरी फोन लावला. आई, दादाने दुकान असं लावून दिलंय की ते आपोआप चालतं, त्याला तिथे असावंसुद्धा लागत नाही. पलीकडून आई काहीतरी म्हणाली. तो ऐकत राहिला, ऐकता ऐकता माझ्याकडे बघायला लागला.

"आई विचारतेय, मग दादा काय करतो?"

आणि फोन माझ्या हातात दिला.