जिभेचा रंग

मंगळवार, संध्याकाळ. मुलुंड.

राजा गेला. दात काढायला आणलेला म्हातारा कुत्रा. भूल दिलेल्या जनावरावर पशुदवाखान्यातल्या मदतनीस-वर्गाच्या आम्हा विद्यार्थ्यांचं आज पहिलंच प्रात्यक्षिक होतं. वर्गात सगळ्यांत वयस्क मी. डॉक्टर मॅडमनी मला एकच काम दिलं, "काका, जिभेवरून नजर हलवू नका. निळी पडायला लागली तर श्वास अडकतोय, लगेच ओरडा." जीभ छान गुलाबी होती. मॅडमनी चिमटा उचलला आणि मी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. गावच्या शाळेपासूनची सवय, कुठल्याही कामाआधी. किती वेळ मिटले असतील?

शेजारची अक्षता ओरडली, "अहो काका, जीभ निळी पडलीय!"

मग सगळ्यांनी खूप धडपड केली. जीभ निळीच राहिली.

बाहेर त्याची मालकीण डबा घेऊन बसलेली, गोवंडीहून आलेली म्हातारी. मला पाहून म्हणाली, "उठला काय रे माझा राजा? दात नाहीत आता, मऊ भात आणलाय."

मॅडम म्हणाल्या, "वय झालं होतं त्याचं, काका. मनाला लावून घेऊ नका." माझे मिटलेले डोळे त्यांनी पाहिलेच नव्हते. मीही सांगितलं नाही. देवासाठी मिटले, पण मिटलेच ना?

घरी येऊन देवापुढे दिवा लावला, हात जोडले. डोळे मिटायची हिंमत झाली नाही. ज्योत शांत होईपर्यंत तिच्यावरून नजर हलवली नाही.