पांढरी पिशवी

३ जुलै २०१८, नांदेड

आदर्शचे डोळे पिवळे दिसतायत. वाटलं, वॉर्डातल्या ट्यूबलाइटमुळं असेल. पडदा सरकवून उजेडात पाहिलं – पिवळेच.

४ जुलै

डॉ. शिवमूर्ती म्हणाले, लिव्हर बिघडतंय. मागं रक्ताच्या गाठीनं आतडं काळं पडलं, बहुतेक सगळं कापून टाकावं लागलं. तेव्हापासून गळ्याजवळच्या नळीतून पिशवीतलं ते पांढरं औषधी अन्न थेट रक्तात जातं. त्याच्यावरच नवरा जगलाय माझा. आणि तेच आता लिव्हर खातंय.

"मग बंद करा ना."

"बंद केलं तर उपाशी जातील, ताई."

पिशवीतली चरबी कमी करणार आहेत. तोंडानं थोडं थोडं द्या म्हणाले, जमलं तर.

९ जुलै

दोन चमचे पेज. उलटून पडली.

१५ जुलै

लातूरहून क्लासची मुलं भेटायला आली होती. एकीनं विचारलं, "सर, परत कधी शिकवणार?" आदर्श म्हणाला, "केमिस्ट्री दुसऱ्या सरांकडून पूर्ण करून घ्या. थांबू नका." पोरगी बाहेर जाऊन रडली. मला रडू येईना.

२२ जुलै

रिपोर्ट आणखी वाईट. अंगाला खाज – नखांनी रक्त काढतो. चेन्नईला आतडं, लिव्हर दोन्ही बदलतात. पण नळीतून जंतू रक्तात गेलेत, ताप उतरत नाही. एवढा प्रवास झेपणार नाही म्हणे.

संध्याकाळी म्हणाला, "महामाया, घरी ने मला. ही पिशवी नको आता."

मी धुतलेलाच पेला परत धुवायला गेले.

सासूबाईंना कुठल्या तोंडानं सांगू? किल्लारीच्या भूकंपात त्यांनी हातानं माती उकरून ह्याला बाहेर काढलं होतं, सात वर्षांचा असताना. रोज उशाशी बसून म्हणतात, "माझं लेकरू कुठं जात न्हाई."

२५ जुलै

पुन्हा तेच. भांडलो आम्ही, हळू आवाजात.

"आईंचा तरी विचार कर," मी म्हणाले. तो नुसता बघत राहिला माझ्याकडं.

२७ जुलै

शेवटी सासूबाईंना बाहेर बाकावर बसवलं, सगळं सांगितलं, त्याला घरी यायचंय हेही. त्यांनी माझा हात धरला.

"पोरी, मला त्यानं लई आधीच सांगितलंय. तू व्हय म्हणायची वाट बघून राहिलो आम्ही."