किल्ली दिल्यानंतर

दौंड, १२ मार्च १९६४

इलाही, तुला दुवा.

हप्ते थकले तेव्हा टॅक्सीचा करारनामा घेऊन तू आला होतास. "आपा, एवढं वाचून दे की."

मी म्हणाले, "सही करताना आपा आठवली नाही?"

दुसऱ्या दिवशी वसुलीवाल्यांना किल्ली देऊन तू लाजेने गाव सोडलंस.

करारनामा मी तुझ्यामागे वाचला. महिन्याची लेखी नोटीस दिल्याशिवाय त्यांना गाडी नेता येत नव्हती. शिरूरच्या वकिलांनी तेवढंच लिहिलं, तर वसुलीवाल्यांनी मुकाट्याने गाडी दारात आणून लावली.

स्टेशनवर कुणी विचारलं की "कामाला गेलाय" म्हणते. कुठे, ते मला ठाऊक नाही. म्हणून पाकीट कोरंच आहे.

बी.ए. झालेल्या बहिणीने तुला पाच मिनिटं दिली नाहीत, हे मात्र कुणाला सांगत नाही.

तुझी,
रजिया आपा